तोमेगोरो कधीच हात उचलत नाही

७ ऑक्टोबर, शनिवार. दुपार.
आजपासून रोजनिशी. कुणाला दाखवायची नाही. पण तोमेगोरोची नवी सीरियल आज संध्याकाळी सुरू होते आहे, आणि या काळात गावात एकाच माणसाचं डोकं शांत होतं याची कुठेतरी नोंद असलेली बरी.

कुझे रान्पेई यांच्या एकोणीस कादंबऱ्या. दोनशे वर्षांपूर्वीचं एदो शहर. कोतवालीचा माणूस तोमेगोरो: पन्नाशीचा, पोट सुटलेला, गुडघे धरलेले. कमरेला लोखंडी दंडुका, पण तो कधी बाहेर निघत नाही. खुनी सुरा घेऊन समोर उभा असला तरी हा त्याच्याशी बोलत बसतो, आणि शेवटी खुनी रडतो. तोमेगोरो कधीच हात उचलत नाही. माझं अख्खं आयुष्य या एका वाक्यावर उभं आहे. मी हाडवैद्य झालो तो त्याच्यामुळेच. दुनिया हाडं मोडते, आपण जोडावीत.

संकल्प: सीरियल कशीही निघाली तरी शांत राहायचं.

त्याच दिवशी, जेवणानंतर.
तोमेगोरो अठ्ठावीस वर्षांचा आहे. त्याला कंबर आहे.

पहिली जाहिरात लागायच्या आत त्याने तिघांचे हात मोडले, एकाचं डोकं तांदळाच्या पोत्यात दाबून धरलं आणि एकाला विहिरीत फेकलं. ज्याला फेकलं तो साक्षीदार होता. रक्त थेट कॅमेऱ्यावर उडालं.

चहाचा कप माझ्या हातून निसटला. टीव्हीला उजव्या कोपऱ्यात तडा. तोकिए म्हणाली, अहो, निसटलेला कप खाली पडतो, समोर जात नाही. बत्तीस वर्षं संसार करूनही या बाईला प्रत्येक गोष्टीत खोट काढायची असते. उरलेला एपिसोड तिने तड्याच्या डाव्या बाजूने पाहिला आणि त्या पोराच्या खांद्यांबद्दल दोनदा बोलली.

मी एक शब्द बोललो नाही. संकल्प पाळला.

८ ऑक्टोबर, रविवार.
तोमेगोरो वाचक मंडळाची मिटिंग. नेहमीप्रमाणे हात्सुए-सान यांच्या उदोनच्या दुकानात, दुपारी त्या जाड शेवया संपून फळी लागल्यावर. मंडळ मी स्थापन केलं. बाकीचे ऐकायला येतात.

आज ऐकण्याच्या मनःस्थितीत कुणी नव्हतं. सगळे सीरियलवर खूश. ओबाता तर सगळ्यांत जास्त. हा ओबाता तेत्सुहेई माझा शाळेपासूनचा मित्र. साकेचं, म्हणजे तांदळाच्या दारूचं, दुकान चालवतो, दोन-दोन क्रेट एका खांद्यावर घेतो. दहा वर्षांचे असल्यापासून आम्ही एकाच आखाड्यात ज्युदो शिकलो. गावाला मी हिरुमा-सान, याला अजून शाळेतला साक्या. तो काय म्हणाला ते शब्दशः लिहितो:

"साक्या, तू सांगतोस तो तोमेगोरो माणसाला बोलून बोलून मारतो. हा निदान हाताने मारतो. लवकर सुटका होते."

सगळे हसले. हात्सुए-सानसुद्धा.

मी फरक समजावून सांगायला उठलो. समजावताना समोरच्याचं तोंड आपल्याकडे असावं लागतं, म्हणून त्याची कॉलर धरली. त्याने माझी धरली. पुढचं शरीराने आपोआप केलं. पन्नास वर्षांची सवय. दोन ट्रे, मिरपुडीची डबी, सोयाच्या बाटल्यांची एक रांग, आणि ओबाताचा उजवा अंगठा. अंगठा सांध्यातून निघाला होता. मी तिथल्या तिथे बसवून दिला. तो इतका ओरडला की हात्सुए-सानची मांजर पिठाच्या डब्यात शिरली.

आभार मानायचे सोडून म्हणाला, मोडणारा आणि जोडणारा एकच असला तर त्याला वैद्यकी नाही, धंदा म्हणतात.

आजपासून ओबाताशी फक्त शब्दांनी बोलायचं.

१० ऑक्टोबर, मंगळवार.
उजवा डोळा बंद आहे. डाव्याने लिहितो आहे.

ओबाता अंगठ्याची पट्टी बदलायला आला होता. पट्टी गुंडाळता गुंडाळता मी अगदी मऊ आवाजात सांगितलं, की ज्याला पुस्तक वाचायचा धीर नाही त्याने टीव्हीवर टाळ्या पिटाव्यात, मत देऊ नये. बोलण्याच्या भरात पट्टी जरा आवळली गेली असेल. त्याने दुसरा हात वापरला.

बाहेर पेशंट बसले होते. सगळ्यांना सांगितलं, दारावर आपटलो. म्हाताऱ्या कोळ्याने विचारलं, कुठल्या दारावर, म्हणजे आपण त्या बाजूने जायला नको.

१४ ऑक्टोबर, शनिवार.
दुसरा एपिसोड. या वेळी तयारीने बसलो. हातात कप नाही, मांडीवर पुस्तक.

तोमेगोरोने एका लोहाराचा तळवा शेगडीवर धरून कबुलीजबाब काढला. धूर निघाला. तोकिएने डोळ्यांवर हात घेतला, बोटं फाकवून. कुझे यांच्या मूळ कथेत तोमेगोरो याच लोहाराला चहा आणि लोणचं देत अर्धी कादंबरी नुसता बसून राहतो. लोहाराला लोणचं फार आवडतं. त्यातच तो विरघळतो. मला त्या लोणच्याचा रंगसुद्धा आठवतो, पिवळाधमक.

आज काहीही फेकलं नाही. बैठ्या टेबलाचा पाय तुटला तो लाथेने, आणि लाथ ही फेकण्यात मोडत नाही. पायाची करंगळी दुखावली. स्वतःच बसवली. वैद्य घरात असल्याचा हा फायदा.

१५ ऑक्टोबर, रविवार.
मंडळात दोन तट पडले आहेत. पुस्तकवाले आणि टीव्हीवाले. पुस्तकवाल्यांत मी आहे, आणि टपालखात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ आहेत ज्यांना ऐकू कमी येतं. तत्त्वाच्या लढाईत संख्या पाहायची नसते.

मी त्यांना पहिल्या भागातला पुलावरचा प्रसंग सांगितला. हा सांगितला की समोरचा गप्प होतो, असा आजवरचा अनुभव. बर्फ पडतंय. खुन्याने एका पोरीच्या गळ्याला सुरा लावलाय. शिपाई पुलाच्या दोन्ही टोकांना. तोमेगोरो काय करतो? पुलावर फतकल मारून बसतो. बाहीतून भाजलेलं गरम रताळं काढतो, मधोमध मोडतो आणि अर्धं पुढे करतो. वाफ निघते आहे. म्हणतो, आधी खाऊन घे, गार होईल. खुनी रताळ्याकडे बघतो. सुरा खाली पडतो.

सांगताना माझेच डोळे भरून आले. पुढच्यांचेही. फक्त ओबाता माझ्याकडे विचित्र नजरेने पाहत होता. मग त्याने विचारलं, हे कुठल्या पुस्तकात आहे. म्हटलं, पहिल्या. म्हणाला, नक्की? म्हटलं, नक्की म्हणजे काय.

"तू डोळ्यांनी वाचलंस का, साक्या?"

हातात होता तो झारा मी त्याच्या दिशेने सोडला. त्याने उद्याच्या उदोनच्या पिठाचा गोळा उचलून मारला. हे पीठ पायांनी तुडवून मळतात. दगड बरा. माझ्या बरगड्यांवर बसला आणि श्वास गेला. श्वास परत येताच मी त्याला धोबीपछाड घातली, तो बेसिनवर पडला, नळ तुटला. त्याने खालूनच माझ्या दुखऱ्या करंगळीवर टाच दिली. हात्सुए-साननी शेवया गार करायची पाण्याची परात आमच्या अंगावर उलटी केली, तेव्हा थांबलो.

त्यांनी ओल्या जमिनीवर उभं राहून निकाल दिला. तीन नोव्हेंबरला, संस्कृती दिनाच्या सुट्टीला, लायब्ररीच्या हॉलमध्ये सगळ्यांसमोर बोला. पुस्तकं घेऊन या. जो हरेल तो तोमेगोरोचं नाव काढणार नाही. आणि तोवर माझ्या दुकानात कुणी कुणाला शिवायचं नाही.

मला हे फार आवडलं. वाद, तोही पुस्तकांवरून. म्हणजे जिंकलोच.

२२ ऑक्टोबर, रविवार.
प्लॅन: तीन तारखेच्या आत एकोणीसही भाग पुन्हा वाचून काढायचे.

पहिला भाग उघडायला घेतला. कपाटात इतकी वर्षं ओलीत राहून पानं एकमेकांना चिकटली आहेत. फाटतील म्हणून जबरदस्ती केली नाही. तसं पाहिलं तर पाठच आहे. परत ठेवला.

बरगडीला बाहेरून काही दिसत नाही, पण हसलं की कळ येते. सुदैवाने हसण्यासारखं काही नाही.

२८ ऑक्टोबर, शनिवार.
तोकिए सीरियल पाहायला ओबाताकडे गेली. म्हणे, तिथल्या टीव्हीवर तोमेगोरोचं डोकं दोन तुकड्यांत दिसत नाही. शत्रूच्या घरी जाते आहेस, असं मी म्हणालो. ती म्हणाली, शत्रूने आपल्या लग्नात पिंपभर साके दिली होती.

मी सार्वजनिक न्हाणीघरात गेलो, डोकं निवावं म्हणून. एपिसोड संपल्यावर ओबाताही तिथेच आला. नागव्या माणसाला कॉलर नसते, तेव्हा मला वाटलं आज काही होणार नाही. त्याने गरम पाण्यात बसता बसता सांगितलं, की आज तोमेगोरोने एका हातभट्टीवाल्याचे सगळे दात एका फटक्यात पाडले आणि अख्खं थिएटर भरेल असा सीन होता. मी म्हटलं, विषय नको, तीन तारखेला बोलू. तो म्हणाला, मी पहिला भाग वाचायला घेतलाय. हे ज्या सुरात म्हणाला तो सूर मला आवडला नाही.

ओल्या फरशीवर ज्युदो करू नये असं आमचे गुरुजी सांगत. बरोबरच होतं. त्याच्या कपाळाला खोक, माझ्या पाठीवर लाकडी बादलीच्या कड्यांचे गोल वळ. आम्हाला सोडवताना एका निष्पाप आजोबांचा चष्मा गेला. बाहेर येऊन दोघेही थंड दूध प्यायलो, वेगवेगळ्या बाकांवर.

३ नोव्हेंबर, शुक्रवार. सुट्टी.
लिहिणार नव्हतो. लिहितो.

हॉल भरला होता. सीरियलच्या जाहिरातीसाठी दाराशी काचेच्या पेटीत जुन्या काळचा खरा लोखंडी दंडुका मांडून ठेवला होता. मी आधी बोललो. उत्तम बोललो. हिंसा म्हणजे दुबळेपणा, हात उचलणारा माणूस आधी मनाने हरलेला असतो, वगैरे. डोळ्याभोवतीचा हिरवा डाग आणि लंगडणं यामुळे बोलण्याला वजन आलं. शेवटी रताळं. पहिल्या रांगेतल्या दोघींनी रुमाल काढले.

ओबाता उठला. त्याच्या हातात पहिला भाग होता, नवा कोरा घेतलेला. त्याने पुलाचं प्रकरण उघडलं आणि वाचायला लागला. त्याला वाचता येत नाही नीट, अडखळतो. पण ऐकू येत होतं.

बर्फ होतं. पोरगी होती. तोमेगोरो पुलावर येतो आणि काही न बोलता दंडुक्याच्या एका फटक्याने खुन्याचं मनगट मोडतो. मग दुसरं. खुनी गुडघ्यांवर येतो, माफी मागतो. तोमेगोरो त्याला कठड्यावरून नदीत ढकलतो. खाली बर्फाचा थर फुटल्याचा आवाज येतो. मग पोरीच्या हातातलं रताळं घेऊन स्वतः खातो, कारण सकाळपासून त्याच्या पोटात काही नसतं. प्रकरण संपलं.

 मी म्हटलं, ही प्रत बनावट आहे. सीरियल काढणाऱ्यांनी नवी आवृत्ती बदलून छापली आहे.

ओबाताने पुस्तक मिटलं. चिडून बोलला असता तर बरं झालं असतं. हळू बोलला.

"साक्या, ते रताळं टीव्हीवरचं आहे. जुन्या सीरियलमधलं, आपण दुसरीत असतानाचं. तुमच्याकडे टीव्ही नव्हता, तू आमच्याकडे यायचास. तो सीन लागला तेव्हा तू इतका रडलास की आईने तुला टॉवेल दिला. नंतर तू म्हणालास, पुस्तकात आहे हे. तू म्हणालास म्हणून मीही इतकी वर्षं मान डोलावली. परवा पहिल्यांदा उघडलं रे."

कुणीतरी हसलं. पहिल्या रांगेतलं.

दंडुका माझ्या हातात कसा आला ते मला सांगता येणार नाही. काच फुटल्याचं आठवतं. ओबाताने डोकं वाचवायला खांदा पुढे केला. आवाज ओली फांदी मोडल्यासारखा आला. पोटापाण्याच्या धंद्यामुळे हा आवाज मी ओळखतो. हासळीचं हाड, डावं, मधोमध. त्याने त्याच क्षणी कपाळाने माझ्या तोंडावर मारलं, आणि खालचे दोन दात मला जिभेवर सापडले. खुर्च्या पडत होत्या. कुणीतरी माझी मान मागून आवळली होती. ओबाता भिंतीला टेकून बसला होता, चेहरा पिठासारखा, आणि हाड कातडीखाली तंबूच्या खांबासारखं वर आलेलं.

मी गुडघ्यांवर त्याच्याकडे गेलो. असं हाड पहिल्या काही मिनिटांत सरळ धरलं तर फार फरक पडतो. मी हात पुढे केला.

"हात लावू नकोस."

एवढंच म्हणाला.

४ नोव्हेंबर, शनिवार.
सकाळ पोलीस ठाण्यात. समोर एक तरुण हवालदार, अतिशय सभ्य. भांडण कशावरून झालं विचारलं. मी सगळं समजावून सांगितलं. त्याने विचारलं, तोमेगोरो कोण, आणि त्याचा या मारामारीशी संबंध काय. म्हटलं, तो कधीच हात उचलत नाही. त्याने लिहून घेतलं.

ओबाताने तक्रार केली नाही. म्हणाला, शिडीवरून पडलो. अख्ख्या हॉलने पाहिलेलं असताना! म्हणजे कुठेतरी त्यालाही कळलंय की चूक त्याची होती.

दात नसल्यामुळे शीळ वाजते, 'स' म्हणताना.

६ नोव्हेंबर, सोमवार.
ओबाताला शहरातल्या इस्पितळात नेलं. ऑपरेशन, आत लोखंडी पट्टी. मी असतो तर पट्टीची गरज नव्हती. हे लोक कापतात आणि नीट बसवत नाहीत, वसंतात तो खांदा धरून माझ्याकडेच येणार. मी काही बोलणार नाही. तेल गरम करून ठेवीन.

दवाखान्यात आज कुणी आलं नाही. कालही नाही. लोकांना थंडीत दुखणी कमी होतात.

तोकिए पहाटे उठून ओबाताच्या दुकानात गेली. वर्षअखेरच्या ऑर्डरी सुरू झाल्या आहेत आणि त्याला क्रेट उचलता येत नाही. मी म्हटलं, तुझ्या वयात व्यायाम चांगलाच. तिने माझ्याकडे पाहिलं. ती कधी कधी नुसतं पाहते.

१२ नोव्हेंबर, रविवार.
वेळ भरपूर. किटलीच्या वाफेवर धरून पहिल्या भागाची पानं सोडवली. माझी प्रत जुनी, वडिलांच्या काळातली. हिच्यात कुणी फेरफार करू शकत नाही.

पहिल्या प्रकरणात तोमेगोरो जुगाऱ्याची बोटं दारात धरून दार लावतो.

तिसऱ्यात एका पुजाऱ्याला घंटेखाली कोंडून घंटा वाजवत राहतो, त्याच्या कानांतून रक्त येईपर्यंत.

लोहार दुसऱ्या भागात आहे. लोणचं नाही. शेगडी आहे. टीव्हीवर एकच तळवा होता. पुस्तकात दोन्ही.

चहा केला. प्यायलो नाही.

त्याचे गुडघे दुखतात हे मात्र खरं आहे. दुखतात म्हणून त्याला धावता येत नाही, आणि धावता येत नाही म्हणून तो आधी मारतो. कुझे यांनी असं स्पष्ट लिहिलंय.

तोकिए संध्याकाळी कंबर धरून आली. मी चोळून देतो म्हटलं. म्हणाली, नको. मग म्हणाली, तेत्सुहेई-सानना स्वतःचा शर्ट घालता येत नाही. बटणं मी लावते.

१९ नोव्हेंबर, रविवार.
सात भाग झाले. आता सगळं स्वच्छ दिसतंय.

मी सुरुवातीपासून म्हणत होतो की सीरियल मूळ कादंबऱ्यांशी बेइमान आहे. माझं म्हणणं शंभर टक्के बरोबर ठरलं आहे. सीरियल मिळमिळीत आहे! कुझे यांचा तोमेगोरो एका प्रकरणात जेवढी हाडं मोडतो तेवढी या पोराला अख्ख्या सीझनमध्ये जमलेली नाहीत. पुस्तकातला फटका पडल्यावर माणूस उठत नाही. टीव्हीवरचे पुढच्या सीनमध्ये चहा पितात. मूळ तत्त्वात माझा बदल झालेला नाही. तपशिलात थोडा.

आज मिटिंगचा निरोप आला नाही. बहुधा हात्सुए-सान विसरल्या. तळं भरलेलं असलं तरी बदकं दुसरीकडे जातात कधी कधी.

२ डिसेंबर, शनिवार.
शेवटचा एपिसोड. एकट्याने पाहिला, तड्यातून. तोकिए तिकडे.

काय केलं असेल त्यांनी? शेवटी खुनी पाया पडतो, आणि तोमेगोरो दंडुका नदीत टाकून देतो आणि त्याला मिठी मारतो. दोघे रडतात. मागे बासरी.

मी टीव्हीवर काही फेकलं नाही. आज फेकण्यासारखं होतं तरी. इतका राग साठवून ठेवलाय. उद्या रविवार. निरोप नसला तरी जायचं.

प्लॅन: उभ्या उभ्या मुद्दा मांडायचा. ओबाता नेहमीसारखा आडवा येणार. आला की एका हाताने लढायचं. त्याचा एक हात गळ्यात आहे, तेव्हा मीही एक पाठीमागे बांधणार. याला म्हणतात खिलाडूवृत्ती. त्याच्या लक्षात येईल. उजवा बांधावा की डावा, ते उद्या ठरवू.

३ डिसेंबर, रविवार.
गेलो.

सगळे होते. ओबाता कोपऱ्यात, डावा हात कोटाच्या आत, बारीक झालाय. मी आत गेल्यावर बोलणं थांबलं, मग पुन्हा सुरू झालं, हळू. हात्सुए-साननी मला बसायला सांगितलं नाही आणि जा असंही म्हणाल्या नाहीत. माझ्या पुढ्यात एक वाडगा ठेवला.

मी उभा राहिलो. म्हटलं, ही सीरियल भेकड आहे. कुझे यांचा तोमेगोरो असता तर त्याने मिठी मारली नसती, जबडा मोडला असता. पहिल्या भागापासून सातव्यापर्यंत दाखले दिले, पान सांगून. जुगारी, पुजारी, लोहार, पूल. पुलाचंही सांगितलं, जसं आहे तसं. शीळ वाजत होती, तरी सगळं सांगितलं. मग ओबाताकडे पाहून थांबलो. आता तो म्हणणार, साक्या, आत्ता सुचलं का तुला. आणि मग.

तो वाडग्यावर फुंकर मारत होता. मान वर न करता म्हणाला,

"बरोबर आहे तुमचं, हिरुमा-सान."

टपालवाल्या गृहस्थांनी मान हलवली. इतरांनीही. बरोबर आहे, बरोबर आहे. कुणीतरी कांद्याच्या पातीची वाटी पुढे सरकवली.

मी विचारलं, म्हणजे तुला पटलं? तो म्हणाला, हो, पटलं. मी म्हटलं, पूर्ण? म्हणाला, पूर्ण.

मी त्याच्याजवळ गेलो आणि त्याची कॉलर धरली. तो मागे सरकला नाही. पुढेही आला नाही. हात वर केला नाही. नुसता बसून राहिला, डॉक्टरपुढे बसतात तसा. कॉलरच्या आत जखमेची रेघ दिसत होती, टाक्यांच्या खुणांसकट. टाके चांगले घातलेत. तेवढं मान्य केलं पाहिजे.

कॉलर एका बाजूला मुडपली होती. ती सारखी केली आणि हात काढून घेतला. तो म्हणाला, आभारी आहे. मग ते लोक मासळीबद्दल बोलायला लागले. या वर्षी यलोटेल उशिरा आलाय म्हणे.

घरी आलो. तोकिएला सांगितलं, जिंकलो. सगळ्यांसमोर ओबाताने कबूल केलं, एका शब्दाचाही विरोध नाही, आणि जन्मात पहिल्यांदा मला अहो म्हणाला. माणूस वरमला की भाषा सुधारते.

ती उद्याच्या क्रेटसाठी हातमोजे शिवत होती. तिने विचारलं, मग पुढची मिटिंग कधी आहे.

म्हटलं, ते काही बोलले नाहीत.